उम्म नखले सिनेमाला निघाल्या

भट्टीवर तिसरी खेप चढली होती. उम्म नखले तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून तांब्याच्या नळीतून पडणारी अरकची, द्राक्षाच्या दारूची, धार बघत होत्या. तेवढ्यात फवाज़ बाजारातून आला आणि आईकडे न बघता तडक स्वयंपाकघरात शिरला, तेव्हाच ओदेतला कळलं की काहीतरी बिनसलंय. द्राक्षं उतरवून झाली, पिंपांत आंबली आणि भट्टी पेटली की या घरात पाऊल ठेवणारा प्रत्येक माणूस आधी भट्टीपाशी जाई, धारेकडे बघून "देव बरकत देवो" म्हणे आणि मगच पाणी मागे. फवाज़ तर घरचा धाकटा मुलगा. अरकची सगळी विक्री तोच बघायचा.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पोस्टर लागलंय."

"कशाचं?"

"कशाचं काय? तुझ्या सिनेमाचं! नदीकडच्या थिएटरवर. आजपासूनच आहे."

ओदेतच्या हातातली सुरी कांद्यावरच थांबली. "इथे ज़ाहलेत नाताळाच्या सुमारास येणार होता तो."

"मला नको सांगूस. शिडीवर चढून चिकटवणाऱ्याला सांग." फवाज़ने दाराबाहेर एक नजर टाकली. "आणि खरं सांगू? पोस्टरवर तू नाहीसच. आई आहे. काळा झगा, कमरेला किल्ल्या, हनुवटी अशी वर. खाली नाव तेवढं तुझं छापलंय."

कोपऱ्यात लूरिस कुब्ब्यासाठी, मांस-गव्हाच्या तळलेल्या गोळ्यांसाठी, दगडी उखळीत मांस कुटत होती. तिचं मुसळ खाली आलं ते तिथेच राहिलं. लूरिस म्हणजे फवाज़ची बायको, ओदेतची धाकटी जाऊ. बारा महिने सासूच्या हाताखाली तीच राहायची. ओदेत आणि तिचा नवरा नखले, ज्याच्या नावावरून सासूला उम्म नखले, म्हणजे नखलेची आई, म्हणत, बैरूतला असत आणि भट्टीच्या दिवसांत, ईस्टरला, कुणाच्या मयताला असे येत.

"मी मेले," लूरिस म्हणाली.

ओदेत बैरूतच्या एका संगीत नाटकमंडळीत अठरा वर्षं एकच मुलगी होती. नाटकं बदलली, संगीतकार बदलले, पण ओदेत ती झऱ्यावर घडा घेऊन येणारी, गावाला वाचवणारी, शेवटच्या अंकात पांढरा झगा घालून गाणारी मुलगीच राहिली. शेवटच्या रांगेतून तिचा चेहरा कुणाला दिसायचाच नाही. दिसायचे ते पसरलेले हात, आणि सगळं काम आवाज करायचा. मग सहा वर्षांपूर्वी तिला पहिला सिनेमा मिळाला. दिग्दर्शक म्हणाला, यात गाणं नाही, आणि कॅमेरा तुझ्या नाकापासून हातभर अंतरावर असेल. ओदेत त्या रात्री आरशासमोर बसली. गाणं काढून घेतल्यावर चेहऱ्यावर काय ठेवायचं ते तिला सुचेना. म्हणून तिने घरच्या माणसांचे चेहरे घेतले.

इस्पितळातली बडबडी धोबीण ही लूरिस होती. डोंगरातून खेचरांवर तंबाखू पळवणारी बाई फवाज़सारखी, मागच्या खिशांत हात घालून आणि मान मागे टाकून हसायची. अनाथाश्रमातली चोरून सिगारेट ओढणारी नन म्हणजे मन्तूरा आत्या, उम्म नखलेंची नणंद. आंधळी चटई विणणारी ओदेतने नवऱ्याकडून घेतली होती. मंडळीच्या वाद्यवृंदात नखले व्हायोलिन वाजवायचा, आणि वाजवताना डोळे मिटून मान अशी कलती धरायचा, जणू शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकतोय.

प्रत्येकाने स्वतःला ओळखलं. फवाज़ने खेचरंवाली नऊ वेळा पाहिली. मन्तूरा आत्याने पॅरिशमधल्या बायकांना स्वखर्चाने नेलं. लूरिस महिनाभर ओदेतशी बोलली नाही आणि मग धोबिणीच्या फोटोवर सही मागितली. उम्म नखलेंनी मात्र सिनेमाचा शब्द कधी काढला नाही. त्यांना सिनेमा पाप वाटतो, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, आणि म्हणूनच ओदेतला पाचव्या सिनेमात हिंमत झाली. घर मुठीत ठेवणारी विधवा. सामान पंधरा वर्षं लूरिसच्या तोंडून जमलेलं होतं: रात्री मोजून ठेवलेल्या भाकऱ्या, साखरेवर नखाने मारलेली रेघ, मुरंब्याला हात लागला का हे बघायला सुनांची बोटं हुंगणं.

एक गोष्ट तेवढी लूरिसकडून आली नव्हती. ती नखलेने लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच सांगितली होती आणि पुन्हा कधी काढली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी त्याची बहीण वदाद हिने बालबेकच्या एका बस ड्रायव्हरशी, हुसैनशी, लग्न केलं. हे ख्रिस्ती, तो मुसलमान. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती आईच्या पाया पडायला आली. उम्म नखलेंनी तोंडावर दार लावलं, अडसर घातला, आणि तळघरात जाऊन अरकच्या रांजणांची मोजदाद केली. ज्या बाईने पोटच्या मुलीला बावीस वर्षं उंबरा ओलांडू दिला नाही, ती सुनेला काय सोडणार होती?

"आईला कोण सांगणारे?" फवाज़ म्हणाला. "भट्टी उद्या विझेल, तुम्ही सोमवारी जाल. आठवड्यात पोस्टर उतरेल. कुणी तोंड उघडू नका म्हणजे झालं."

अंगणात भट्टीशेजारीच पानं मांडली होती. राखेत भाजलेले बटाटे, कुब्बे, पुदिना, हिरवे ऑलिव्ह. नखलेने पहिला घास घेतला तोच मन्तूरा आत्या लाकडांच्या ढिगामागून सिगारेट विझवत आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज चर्चच्या घंटेसारखा.

"अगं बायांनो, पोस्टर बघितलंत का? अख्खं गाव तिथे जमलंय! साडेतीनचा खेळ आहे. आणि बरं का वहिनी, ही ओदेत त्यात हुबेहूब..."

लूरिसने त्यांच्या पानात तीन कुब्बे एकदम वाढले. "खा आत्या, गार होतील."

उम्म नखलेंनी बटाट्याचं साल सोलून संपवलं. "किती वाजता म्हणालीस?"

"साडेतीन."

"मग लवकर आटपा. मला कपडे बदलायला वेळ लागतो."

नखले म्हणाला, "आई, खेप अर्धी पडलीय अजून."

"फवाज़ बसेल."

"बसतो की!" फवाज़ म्हणाला. आजवर भट्टीपाशी बसायची एवढी हौस त्याला कधी आली नव्हती. "तुम्ही निश्चिंत जा. मी इथून उठणारसुद्धा नाही."

लूरिसने नवऱ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता.

मागच्या खोलीत तिने ओदेतचं मनगट पकडलं. "हे बघ, विचारलं तर सांगशील ना, की मी काही बोलले नाही?"

"लूरिस, सगळं तूच तर बोललीस."

"बोलले असेन. सांगितलं कधी होतं? मी माझं मन मोकळं करत होते, तू लिहून घेत होतीस!" तिचे डोळे भरून आले होते. "तुझं ठीक आहे. सोमवारी बैरूतला जाशील, टाळ्या घेशील. रोज सकाळी सहाला त्यांच्यासमोर कॉफी कोण ठेवणार? मी. मला इथेच दिवस काढायचेत गं."

"मी सांगेन की माझंच आहे सगळं."

"आणि ती बोटं हुंगायची गोष्ट? ती फक्त तुला आणि मला माहीत आहे!"

लूरिस हात सोडून निघून गेली आणि पाच मिनिटांत अंगणातून तिचा गोड आवाज आला, "उम्म नखले, तुमचे बूट पुसून ठेवले हं!" म्हणजे ती सासूच्या बाजूला गेली.

नखले खिडकीशी टाय बांधत होता. ओदेत त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "तू बोल ना त्यांच्याशी. वाटेतच सांगून टाक. तुझं ऐकतील."

"काय सांगू? की घरातली गोष्ट मीच बाहेर दिली?"

"तू बायकोला दिलीस."

"बायकोला दिली होती. बायकोने मुलुखाला वाटली." त्याने गाठ सोडली, पुन्हा घातली. नखले आवाज कधी चढवत नसे, आताही नाही चढवला. "भाकऱ्या घाल, किल्ल्या घाल, मी काही म्हणालो नाही. दार घालू नकोस, एवढंच म्हणालो होतो. एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे."

ते खरं होतं.

उम्म नखले ईस्टरचा काळा रेशमी झगा घालून बाहेर आल्या. गळ्यात सोन्याचा क्रूस, कानामागे अत्तर. ओदेतचा हात धरून उतार उतरताना त्या वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, "सिनेमाला चाललेय. सुनेचा आहे." लोक ओदेतला सलाम करत, उम्म नखलेंकडे बघत आणि मग घाईघाईने दुसरीकडे बघत. पोस्टरपाशी उम्म नखले थांबल्या. मान वर करून त्या पोस्टरवरच्या बाईकडे बघत होत्या आणि पोस्टरवरची बाई त्यांच्याकडे. दोघींची हनुवटी सारखीच वर होती.

"झगा चांगला शिवलाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

थिएटर भरलं होतं. ओदेत दिसताच टाळ्या पडल्या. ती सासूच्या डाव्या हाताला बसली, उजवीकडे मन्तूरा आत्या, त्यांच्यापलीकडे लूरिस, आणि कडेला, दारापाशी, नखले. दिवे गेले.

रंगमंचावर असताना लोकांचा श्वास ओदेतला कळायचा. पडलेला सूर तिथल्या तिथे सावरता यायचा. इथे काहीच हातात नव्हतं. पडद्यावरची बाई भाकऱ्या मोजत होती आणि ओदेतला तिला थांबवता येत नव्हतं. लोक हसायला लागले. साखरेवर रेघ ओढली, हशा. सुनेची बोटं हुंगली, तेव्हा तर मन्तूरा आत्या आपल्याच मांडीवर थापा मारत हसल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर उम्म नखले!"

सगळं थिएटर हसण्याने फुटलं. उम्म नखलेंनी मान वळवली नाही. समोर बघतच त्यांनी मोठ्याने सांगितलं, "गप्प बसा रे. काय बोलतेय ते ऐकू येत नाहीये."

हशा विरला. मग तो प्रसंग आला. पडद्यावरची मुलगी दारात उभी राहिली, आईने दार लावलं, अडसर घातला. आणि मग, जे नखलेने कधीच सांगितलं नव्हतं, ते झालं. आई तिथेच जमिनीवर बसली. अडसर दोन्ही हातांनी धरून, तोंड उघडं टाकून, आवाज न करता रडू लागली. थिएटरात कुणी खोकललंसुद्धा नाही. ओदेत पडद्याकडे बघत नव्हती. ती सासूच्या हातांकडे बघत होती. ते पर्सवर एकावर एक ठेवलेले होते, जरासुद्धा हलले नाहीत.

दिवे लागले. लोकांनी ओदेतला गराडा घातला, कुणी हात दाबले, कुणी डोळे पुसले. उम्म नखले उठल्या आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडल्या.

नदीकाठच्या कॅफेत या दिवसांत गिऱ्हाईक नसे. पॉपलरची पिवळी पानं खुर्च्यांवर पडलेली. उम्म नखलेंनी त्यातली दोन झटकून एक खुर्ची ओढली आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. फवाज़ला विस्तवाचं काही कळत नाही. ओदेत, तू बस."

लूरिस अक्षरशः धावत सुटली. नखले घुटमळला. "आई, मी थांबतो."

"तुला नाही बोलावलं."

तो गेला, पण पुलापर्यंत दोनदा मागे वळून बघत गेला. उम्म नखलेंनी वेटरकडून दोन आइस्क्रीम मागवली, गुलाबपाण्याची. ती आल्यावर चमचा उचलला.

"मला किती दात राहिलेत, ठाऊक आहे?"

ओदेत गोंधळली. "नाही."

"अकरा. आणि सहा वर्षांत दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून मी किती गुरुवारी घराबाहेर पडले असेन? अकरा दातांचं एवढं काय असतं, हे त्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही." त्यांनी आइस्क्रीमचा घास घेतला. "पाद्रीबाबांच्या बहिणीबरोबर जायचे मी. दुपारचा खेळ, मागची रांग. धोबीण तीनदा बघितली. लूरिस अशीच, तोंडाला कुलूप नाही. खेचरंवाली बघून मी त्या बहिणीला म्हटलं, हा माझा फवाज़. नन बघून तर मला बाहेर जावं लागलं, एवढं हसू आलं. आणि आंधळी... नखले लहान असताना असाच बसायचा. तुला कसं दिसलं, कोण जाणे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? चार सिनेमे झाले. नणंद झाली, धाकटी सून झाली, दोन्ही मुलगे झाले. मी वाट बघतेय. म्हटलं, या पोरीच्या लेखी मी कुणीच नाही की काय! पंधरा वर्षं हिला कुब्बे करून घालतेय आणि माझ्यात हिला दाखवण्यासारखं काही सापडेना?"

ओदेतला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. उम्म नखलेंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"भाकऱ्यांचं बरोबर जमलंय. साखरेचंही. फक्त मोजताना मी बोट चाटत नाही. चाटलेलं बोट भाकरीला लावतात होय? शी."

"चुकलंच ते."

"लूरिसला सांग, मी चिडलेली नाही. किंवा नको सांगूस. दोन दिवस जरा घाबरून राहील, कॉफी वेळेवर मिळेल." त्यांनी चमचा खाली ठेवला. "आता ते दार."

"उम्म नखले, मला क्षमा करा. मी ते घ्यायला नको होतं. नखलेने मला बजावलं होतं..."

"मी रडले नव्हते."

"मला माहीत आहे."

"अडसर घातला आणि रांजण मोजायला गेले. नखलेने तुला बरोबर सांगितलं असणार, तो तेव्हा जिन्यात उभा होता. तू बदललंस. का?"

ओदेतने खरं ते सांगितलं, दुसरं काही सुचलंच नाही. "मला ते करता येईना. आठ वेळा केलं. दार लावायचे आणि तळघराच्या जिन्याकडे वळायचे. दिग्दर्शक म्हणायचा, खोटं वाटतंय. दार लावून माणूस रांजण मोजायला कसा जातो, ते मला कळेचना. नवव्या वेळी पायच चालले नाहीत, मी खाली बसले."

उम्म नखले नदीकडे बघत होत्या. पाणी कमी होतं या दिवसांत, दगड उघडे पडलेले. "मलाही नाही कळलं अजून," त्या म्हणाल्या. "कशी गेले ते." मग, "बालबेकला थिएटर आहे?"

"आहे."

"हा तिथे लागेल?"

"पुढच्या आठवड्यात."

"ती बघेल?"

वदादची पत्रं ओदेतला येत होती, पंधरा वर्षं येत होती, आणि नखलेशिवाय कुणालाही ते ठाऊक नव्हतं. "बघेल. ती माझे सगळे सिनेमे बघते. मला लिहिते."

"मुलं किती? दोन?"

"चार. मोठी वीस वर्षांची आहे. शिक्षिका होतेय."

"चार," उम्म नखले म्हणाल्या आणि पर्समधून रुमाल काढून तोंड पुसलं, जिथे काही लागलेलं नव्हतं. "तिला वाटेल, आई रडली होती."

"हो."

"वाटू दे. तू काही सांगायला जाऊ नकोस."

ओदेत आणि उम्म नखले घरी पोचल्या तेव्हा सगळे भट्टीभोवती उभे होते, शिक्षा ऐकायला आल्यासारखे. उम्म नखलेंनी धारेखाली बोट धरलं, चाखलं आणि फवाज़ला म्हणाल्या, "विस्तव मोठा ठेवलास. अर्धी खेप वाया घालवलीस." लूरिसने ओदेतकडे बघितलं. ओदेतने हळूच मान हलवली, काही नाही झालं. लूरिस मटकन खाली बसली. रात्री नखलेला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दाताचा डॉक्टर!" आणि उशीत तोंड खुपसून इतका हसला की पलंग हलला.

बालबेकला सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्या रविवारी उम्म नखलेंनी बैरूतला फोन केला. फोनवर त्यांना ओरडून बोलायची सवय होती. "नखलेला सांग, गाडी घेऊन ये. मला बालबेकला जायचंय."

"वदादला कळवू का?"

"नको. कळवलं तर ती साफसफाई करत बसेल."

ज़ाहले ते बालबेक तासाभराचाही रस्ता नाही. त्या तासात उम्म नखले एकच वाक्य बोलल्या, की नखले गाडी फार हळू चालवतो. हुसैनचं घर जुन्या रोमन देवळांच्या अवशेषांच्या मागे होतं, अंगणात त्याच्या बस उभ्या. तो आता सहा बसचा मालक होता, टक्कल पडलेला, पोट सुटलेलं. उम्म नखलेंना गाडीतून उतरताना बघून त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"वदाद!" त्याने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा वदाद बाहेर आली. हात पिठाने भरलेले, केस अर्धे पांढरे. ती पायरीवर थांबली. उम्म नखले अंगणात.

"बारीक झालीस," उम्म नखले म्हणाल्या.

"तू पण," वदाद म्हणाली.

आत गेल्यावर हुसैन कॉफीचा ट्रे घेऊन असा उभा राहिला की जणू नोकरी मागायला आलाय. उम्म नखलेंनी कप घेतला, तेव्हा कुठे तो बसला. ओदेत दाराशेजारच्या सोफ्यावर होती, नखले तिच्या बाजूला. वदादने हात पुसले, पुन्हा पुसले.

"मी सिनेमा बघितला," शेवटी ती म्हणाली. "दोनदा."

ओदेतने सासूकडे पाहिलं. उम्म नखलेंनी कप खाली ठेवला. त्या काहीच बोलल्या नसत्या तरी चाललं असतं.

"ते खोटं आहे," उम्म नखले म्हणाल्या. "ओदेतने घातलंय पदरचं. मी नाही रडले त्या दिवशी. मी रांजण मोजायला गेले."

"ठाऊक आहे मला," वदाद म्हणाली. "मी गेले नव्हते ना तेवढ्यात. तळघराच्या जाळीपाशी बसले होते, गल्लीत. तुझा आवाज येत होता. रांजण बावीस होते, आई. तू आठच्या पुढे जात नव्हतीस. सात, आठ, आणि पुन्हा एकपासून. संध्याकाळपर्यंत बसले मी. तू मोजतच होतीस."

वदाद उठली आणि आईच्या खुर्चीशी येऊन जमिनीवर बसली. म्हाताऱ्या बाईने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, मग दुसराही ठेवला. पुढचं ओदेतने बघितलं नाही. नखलेचा खांदा शेजारी थरथरत होता. तिने त्याला उठवलं आणि दोघं अंगणात जाऊन बसच्या पायरीवर टेकली. थोड्या वेळाने हुसैनही डोळे पुसत बाहेर आला आणि काही न सुचून नखलेला इंजिन दाखवू लागला.

जेवायला सगळी मुलं जमली. वदादने मांसाच्या छोट्या चौकोनी पेस्ट्र्या केल्या होत्या, बालबेकच्या. उम्म नखलेंनी पाच खाल्ल्या आणि पीठ जरा घट्ट मळलंय म्हणाल्या. वदाद म्हणाली, इथे असंच मळतात. उम्म नखले म्हणाल्या, मग इथे चुकीचं मळतात. थोरली नात हसून आईला म्हणाली, "ही तर तुझ्यासारखीच बोलते!" आणि उम्म नखले आणि वदाद एकदम म्हणाल्या, "मुळीच नाही."

चार वाजता नखले किल्ल्या घेऊन उठला. "चला, आई."

"तुम्ही जा," उम्म नखले म्हणाल्या. त्यांनी केव्हाच बूट काढून ठेवले होते. "मला हुसैन सोडेल. बसने."

"कधी?"

"बघू. मोठीची परीक्षा आहे गुरुवारी. ती झाली की."

नखलेने गाडी काढली. गाव मागे पडलं. सपाट मैदान लागलं, दोन्हीकडे खणून काढलेल्या बटाट्यांचे ढीग. नखलेने खिडकीची काच खाली केली आणि एक्सिलरेटर दाबला. एवढ्या जोरात गाडी चालवताना ओदेतने त्याला कधी बघितलं नव्हतं.